चारच्या चहाबरोबर काय? दूध-तूप सोडल्यानंतरच्या मधल्या भुकेचा बंदोबस्त

वडापाव व्हीगन आहे. बटाटा, बेसन, तेल, लसणीची चटणी. पावात कुणी दूध घातलं नसेल तर अख्खा पदार्थ वनस्पतीजन्य. कांदाभजी, भेळ, पाणीपुरी, फरसाण, साधे वेफर्स, चिक्की हेही चालतं. तीन वर्षांपूर्वी दूध, दही, तूप, पनीर बंद केलं तेव्हा ही यादी मनात करून मी खूश झाले होते. चार महिन्यांत वजन साडेतीन किलोंनी वाढलं. दुपारी चारला अशी भूक लागायची की ऑफिसखालचा गाडीवाला मला लांबून बघूनच दोन वडे तेलात सोडायचा.

घरचं निदान तयार होतं. "तूप नाही, दही नाही, मग पोट कशानं भरणार?" सासूबाईंचं हे वाक्य तेव्हा टोचलं, पण त्यात निम्मं खरं होतं. दोन वेळच्या चहातलं दूध, दुपारची वाटीभर दही आणि रात्रीचा पेलाभर दूध मिळून दिवसाला चौदा-पंधरा ग्रॅम प्रथिनं येत होती. ती गेली आणि त्या जागी मी काहीच ठेवलं नाही. तीच रिकामी जागा चारला बोंबलत होती.

म्हणून चिवड्याच्या कृतीआधी जेवणाच्या ताटाबद्दल लिहिते आहे. चारची भूक बहुतेक वेळा एकच्या ताटात ठरते.

आधी आठवडाभर नुसतं लिहा

काहीही बदलू नका, कशाची बंदी घालू नका. मोबाइलमध्ये किंवा छोट्या वहीत तीन गोष्टी टिपा: खावंसं किती वाजता वाटलं, काय खावंसं वाटलं, आणि त्याआधीचं जेवण काय होतं. चौथी गोष्ट ऐच्छिक आहे, ती म्हणजे तेव्हा तुम्ही काय करत होता. मला ती सगळ्यात उपयोगी पडली.

टिपताना एक कसोटी लावा. मी तिला भाकरीची कसोटी म्हणते. आत्ता समोर शिळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली तर खाल का? "हो, आण" असं उत्तर आलं तर ती पोटाची भूक आहे, तिला खायलाच द्यायचं. "भाकरी नको, काहीतरी चटकमटक हवं" म्हणजे जिभेची. आणि काय हवं तेच कळत नाही, नुसते डबे उघडून बघावेसे वाटतात, ती हाताची भूक. कंटाळ्याची म्हणा हवं तर.

माझ्या आठवड्यात एकूण एकोणीस नोंदी झाल्या. त्यातल्या आठ पोटाच्या होत्या आणि त्या सगळ्या दुपारी पोळी-भाजी-पातळ आमटी असं जेवण झालेल्या दिवशीच्या. सात नोंदी चहाच्या होत्या. चहा आला की बशीत काहीतरी लागतं, एवढंच. तुमचे आकडे वेगळे येतील. तरी ते काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पोटाच्या भुकेवर आणि चहाच्या सवयीवर एकच औषध चालत नाही.

मधे खायचंच कशाला, असं विचारणारेही भेटतात. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसात दोनदाच जेवायची पद्धत पाळणारे माझ्या नात्यात दोघं आहेत आणि त्यांचं बरं चाललंय. मला ती जमली नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नका, एवढंच त्यावर सांगते.

ताटात डाळ किती आहे ते बघा

आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलो वजनाला पन्नास ग्रॅम. आता आपलं नेहमीचं ताट: दोन पोळ्यांत सहा-सात ग्रॅम, वाटीभर पातळ वरणात चार-पाच, भातात तीन, भेंडीच्या किंवा दुधीच्या भाजीत दोन. सगळं मिळून पंधरा-सोळा. चटपटीत आमटीवर भूक भागल्यासारखी वाटते खरी, पण त्यात पाणीच जास्त असतं.

दुरुस्तीला परदेशी पावडर लागत नाही. आमटीऐवजी घट्ट वरण किंवा डाळमेथी करा. भाजीच्या जागी आठवड्यातून चार दिवस उसळ: मटकी, मूग, चवळी, वाल, काळे वाटाणे. एक दिवस पिठलं. गहू दळायला देताना दहा किलोंत एक किलो भाजलेलं सोयाबीन घाला. पोळीला वास येत नाही, थोडी खुसखुशीत होते इतकंच. सोयाचंक्स आवडत असतील तर कोरडे पंचवीस ग्रॅम म्हणजे जवळपास तेरा ग्रॅम प्रथिनं. आवडत नसतील तर सोडून द्या, मलाही आवडत नाहीत.

दुसरी बाजू स्निग्धाची. तूप काढल्यावर बरेच जण ताट कोरडं ठेवतात आणि मग संध्याकाळी जीभ तळलेलं मागते. इथे आपल्या चटण्या कामाला येतात. जवस, कारळं, तीळ, शेंगदाणे यांची एक तरी कोरडी चटणी पानात असावी आणि तिच्यावर चमचाभर कच्चं तेल. कोशिंबिरीत दाण्याचं कूट. काकडीची खमंग काकडी केली तर दही आठवतसुद्धा नाही.

एक सूचना अनुभवाची आहे. डाळी-कडधान्यं एकदम वाढवली तर पोट फुगतं आणि माणूस दोषाचं खापर आहारावर फोडून परत पनीरकडे वळतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, भिजवलेलं पाणी फेकून द्या, फोडणीत हिंग आणि ओवा घाला, आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या.

एवढ्यावरच माझ्या आठातल्या पाच-सहा भुका गायब झाल्या. राहिला चहा.

चहाचा प्रश्न

माझ्या मते दूध सोडणाऱ्या मराठी माणसाची खरी परीक्षा पनीर-चीज नाहीच, चहा आहे. आणि चारला बिस्किट, खारी, फरसाण येतं ते चहाचं बोट धरून. म्हणून चहा नीट बसवला की निम्मं खाणं आपोआप बसतं.

सोया दूध चहात फाटतं, ही पहिली तक्रार. ते फाटतं उकळत्या आणि आंबटसर कोऱ्या चहात थंड दूध ओतल्यामुळे. आपण चहा आणि दूध एकत्र खदखदा उकळतो, ती सवय इथे मोडायची. आलं, वेलची, चहा पावडर आणि साखर पाण्यात चांगली उकळून घ्या, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा. सोया दूध वेगळ्या भांड्यात कोमट करा, उकळी आणू नका. कपात आधी दूध, त्यावर हळूहळू गाळलेला चहा. पावडर नेहमीपेक्षा थोडी जास्त लागते, नाहीतर चव फिकी येते. दूध बिनसाखरेचं आणा. गोड पाकिटात साखर आधीच असते आणि आपण सवयीनं वर दोन चमचे टाकतोच.

मला ओट्सचं दूध चहात जास्त आवडतं, आणि ते घरी होतं. अर्धी वाटी ओट्स, दोन वाट्या गार पाणी, मिक्सरमध्ये वीस-पंचवीस सेकंद, बस. जास्त फिरवलं किंवा फडकं पिळून गाळलं की बुळबुळीत होतं. हे दूध चहात घालून उकळायचं नाही, त्याची पेज होते. गॅस बंद केल्यावर घाला. यात प्रथिनं फारशी नसतात हे मात्र ध्यानात ठेवा. प्रथिनांसाठी सोया, चवीसाठी ओट्स. नारळाचं दूध चहात मी एकदाच घातलं. सोलकढीतच ठेवा ते.

आणि मग कोरा चहा. गवती चहाची पात, पुदिना, सुंठ, वर लिंबू. पहिले दहा दिवस आजारी माणसाचा काढा प्यायल्यासारखं वाटतं, नंतर जीभ रुळते. कोऱ्या चहाबरोबर बिस्किट बुडवावंसं वाटत नाही, हा त्याचा फायदा कुणी सांगत नाही.

जेवणाला किंवा उसळीला लागून चहा घेऊ नका. चहातल्या टॅनिनमुळे कडधान्यातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो. मधे तासभर जाऊ द्या. उसळीवर लिंबू पिळलं तर उलट लोह जास्त शोषलं जातं. मिसळीसोबतची लिंबाची फोड ताटात तशीच ठेवून उठू नका.

डब्यांची फळी

आता खाण्याकडे. माझा नियम साधा आहे. चारच्या डब्यात दोन गोष्टी हव्यातच: एक कुरकुरीत आणि एक पोट धरणारी. नुसतं कुरकुरीत असेल तर अर्धा डबा संपतो आणि सहाला परत भूक लागते. कुरमुऱ्यांचं तसंच होतं, तोंड हलतं आणि पोट रिकामंच.

फुटाणे या दोन्हींत बसतात. मुठीत साधारण तीस ग्रॅम मावतात आणि त्यात सहा-सात ग्रॅम प्रथिनं. सालासकट खा, साल काढलेल्या डाळ्यापेक्षा ते जास्त वेळ टिकतात. शेंगदाण्यात प्रथिनं थोडी जास्त, पण उष्मांक बरेच जास्त: तीस ग्रॅमला एकशे सत्तरच्या आसपास, तर फुटाण्यांना साधारण एकशे दहा. म्हणून मी दोन भाग फुटाणे, एक भाग दाणे असं मिसळून ठेवते. वाटीत काढायचं आणि डबा झाकून परत फळीवर ठेवायचा. डबा मांडीवर घेऊन मालिका बघायला बसलात तर वरचं सगळं गणित कोसळलंच म्हणून समजा.

भडंग मी असं करते. पाव किलो भडंगाचे जाड कुरमुरे मंद आचेवर कोरडेच परतून घ्यायचे, बोटांत चुरडले की कडकन मोडले पाहिजेत. कढईत चार मोठे चमचे तेल, त्यात दीड वाटी शेंगदाणे लालसर होईपर्यंत, मग पंधरा-वीस लसणीच्या पाकळ्या सालासकट ठेचून, भरपूर कढीपत्ता, शेवटी वाटीभर डाळं. गॅस बंद करून मगच हळद, कांदा-लसूण मसाला, मीठ आणि चिमूटभर पिठीसाखर. आच चालू ठेवली तर मसाला जळून कडू होतो. कुरमुरे घालून हलक्या हातानं खालीवर करा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. जयसिंगपूर-कोल्हापूरकडचे लोक म्हणतील एवढे दाणे कुठे असतात. नसतात. पण आपल्याला त्यावर दोन तास काढायचे आहेत.

ओल्या खाण्यात मोडांची भेळ. मटकी रात्री भिजवा, सकाळी निथळून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, डिसेंबरात दुसरा दिवस उजाडतो. कच्चे मोड खाण्यापेक्षा पाच-सात मिनिटं वाफवून घ्या, पोटाला सोसतात आणि बाधत नाहीत. वाफवलेली मटकी फ्रिजमध्ये तीन दिवस राहते. ऑफिसला नेताना एका डब्यात मटकी आणि दुसऱ्यात कांदा, काकडी, कैरीचे तुकडे आणि लिंबू. पुडीत मूठभर भडंग वेगळं. खायच्या वेळीच एकत्र करा, सकाळी कालवलेली भेळ चारला लगदा झालेली असते.

याशिवाय हाताशी असाव्यात अशा गोष्टी: उकडलेल्या शेंगा, भाजलेलं रताळं, ज्वारीच्या लाह्या, सोललेले तुरीचे दाणे हंगामात, हुरडा मिळाला तर विचारूच नका. गेल्या जानेवारीत सोलापूरच्या वाटेवर एका शेतात हुरडा खाल्ला. सोबत दाण्याची आणि जवसाची चटणी, गूळ, बोरं. दही बाजूला सारलं तर त्या पानात एकही गोष्ट वर्ज्य नव्हती, आणि यजमानांना व्हीगन हा शब्दही माहीत नव्हता.

ताकाची आठवण सुटत नसेल तर शेंगदाण्याचं दही लावून बघा. वाटीभर दाणे सहा-सात तास भिजवून, साल काढून, तीन वाट्या पाण्यात बारीक वाटायचे, गाळून दूध उकळवायचं, कोमट झालं की विरजण. पहिल्यांदा विरजणाला हिरव्या मिरचीचे सात-आठ देठ टाकतात. ते कधी लागतं, कधी लागत नाही, आणि पहिल्या खेपेची चव यथातथाच असते. त्यातलं चमचाभर पुढच्या वेळी वापरलं की सुधारतं. पातळ करून, जिरेपूड, आलं-मिरची, कोथिंबीर घालून ते मठ्ठ्यासारखं लागतं. कढीही होते.

गोड हवं असतं तेव्हा

गोडाची तलफ जेवणानंतर पंधरा मिनिटांत येत असेल तर ती बहुधा सवयीची आहे. बडीशेप, ओवा-तीळ किंवा आवळासुपारी चघळा आणि जागेवरून उठा. पाच वाजता येत असेल तर तिला दाण्याचा लाडू द्या. दोन वाट्या भाजलेले दाणे, एक वाटी चिरलेला गूळ, मिक्सरमध्ये एकत्र फिरवा. दाण्याला तेल सुटतं, तुपाची गरज पडत नाही. लिंबाएवढा लाडू म्हणजे सव्वाशे उष्मांक, म्हणून एकच. गूळ "नैसर्गिक" म्हणून दोन खायचे, हा हिशेब चुकीचा आहे, उष्मांकात गूळ आणि साखर जवळपास सारखेच.

खजुरात दाणा किंवा बदाम भरून दोन ठेवले तरी भागतं. केळं नाचणीच्या सत्त्वात कुस्करलं तर वेगळी साखर लागत नाही, आणि शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, जे दूध सोडलेल्यांनी बघायलाच हवं.

पाकिटाची मागची बाजू

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. दूध त्यात बसतं. त्यामुळे आपल्यासाठी तो पुरेसा नाही. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनं २०२२ च्या नियमांत व्हीगन पदार्थांना वेगळं चिन्ह दिलं आहे, हिरवा इंग्रजी व्ही आणि त्यावर पान. ते अजून मोजक्या पाकिटांवर दिसतं. बाकी ठिकाणी घटकांची यादी वाचा: मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, बटरमिल्क पावडर, केसिनेट. ग्लुकोज बिस्किटं, मसाला वेफर्स, सूपची पाकिटं, "डार्क" म्हणवणारी चॉकलेटं यांत हे सापडतं. घाईत असाल तर यादीखालची अॅलर्जीची ओळ वाचा, दूध असेल तर तिथे लिहावंच लागतं. शिवाय घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. पहिल्या तिनांत साखर आणि पाम तेल असेल तर व्हीगनच्या चिन्हानं त्याचं पोषण वाढत नाही.

स्टेशनबाहेर

बाहेर खाणारच आहात, तर ठरवून खा. मिसळ घ्या, दह्याशिवाय, फरसाण निम्मं, पाव एक. उकडलेलं कणीस घ्या, लोणी न लावता लिंबू-तिखट लावून. हे गाडीवर हात पुढे जायच्या आत सांगावं लागतं. ओली भेळ, शेव कमी आणि कैरी-कांदा जास्त. पावभाजीत "बटर नको" म्हटलं तरी तवा लोण्याचाच असतो, तिथे मी जात नाही. वडापाव आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, आणि तो मी मजेत खाते. पूर्ण बंद केला होता तेव्हा महिन्याभरानं एका बैठकीत तीन खाल्ले होते.

सणावाराला आधी बोलून घ्या. दिवाळीचा चिवडा, शेव, तेलाच्या मोहनाची चकली, कडबोळी हे मुळात चालतंच. शंकरपाळ्यात दूध-तुपाऐवजी नारळाचं दूध आणि गरम तेल चालतं. बेसनलाडवाला पर्याय शोधत बसू नका, तूप नसलेला बेसनलाडू हा बेसनलाडू नव्हे. सासूबाई आता माझ्या वाट्याची चकली वेगळ्या डब्यात काढून ठेवतात, "तुझ्या तेलाच्या" असं म्हणत. टोमणा आहे, पण चकली उत्तम असते.

रात्री दहानंतर

रात्री आठला वरणभात आणि साडेदहाला स्वयंपाकघरात फेरी. पिठलं-भाकरी, थालीपीठ किंवा मुगाची खिचडी आणि चटणी खाल्ली की ही फेरी बहुधा टळते. तरीही खरी भूक लागली तर कपभर गरम सोया दुधात जायफळ. जागरण झालेल्या दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, त्या दिवशी स्वतःला दोष न देता डबा थोडा मोठा न्या. थायरॉइडची गोळी घेत असाल तर सोया आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

डब्यानं न भागणारी भूक

माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा सारखा बर्फ चघळावासा वाटत असेल तर त्यावर फुटाणे देऊ नका. अशी भूक लोह कमी असल्याचं लक्षण असू शकते. माझ्या चुलत बहिणीला फ्रिजरमधला बर्फ खायची सवय लागली होती. घरचे उकाड्यावर ढकलत राहिले, शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या खाली. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) तपासा, लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच सुरू करा. त्याच वेळी बी १२ जीवनसत्त्वही बघून घ्या. वनस्पतीजन्य आहारात ते भरवशानं मिळत नाही, मोडांतून नाही आणि घरच्या आंबवलेल्या पदार्थांतूनही नाही, त्यामुळे गोळी किंवा बी १२ मिसळलेलं दूध लागतंच. मी रविवारी भडंग करते, त्याच डब्याच्या झाकणावर बी १२ ची पट्टी रबर लावून अडकवलेली असते. डबा उघडला की गोळी दिसते.